पुढं दोन चाकं, मागं आंबील

मार्गशीर्ष सरत आला की नांदेडच्या भाजीबाजारात तुरीच्या हिरव्या शेंगांचे ढीग लागतात. त्या ढिगांपुढच्या गर्दीतलं लातूरकडचं माणूस मला लांबूनच ओळखू येतं. नांदेडचा गडी पावशेर शेंगा घेतो, मिठात उकडून खायला. लातूरकडचा पिशवी पसरून उभा राहतो आणि शेंगांच्या जोडीला ओला वाटाणा, हरभरा, पातीचा कांदा, चिंच असं एकेक विचारत जातो. भाजीवाली शेवटी हसून म्हणते, "येळवसला चाललात जणू." काल मी अशीच पिशवी पसरून उभी होते आणि ती मलाही तेच म्हणाली. इतकी वर्षं नांदेडात राहून, इथल्या कॉलेजात शिकवून, इथं घर बांधून झाल्यावरही मला ते ऐकून फार बरं वाटलं.

येळवस म्हणजे वेळ अमावस्या. आमच्या लातूर जिल्ह्यातल्या अहमदपूरकडं ती कुणाला सांगावी लागत नाही, बाकीच्यांसाठी सांगते. त्या दिवशी सगळं गाव शेतात जेवतं. रानात कडब्याच्या पेंढ्यांची कोपी उभी करतात, आत चुना लावलेले दगड मांडून पूजा करतात, आणि मग पंगत बसते. भज्जी, बाजरीचे वाफवलेले उंडे, गव्हाची खीर. भज्जी म्हणजे तेलात तळायची ती भजी नव्हे, हे मला दरवर्षी माझ्या पुण्याच्या मैत्रिणीला सांगावं लागतं. हिरव्या दाण्यांची, बेसन लावलेली, चिंचेच्या आंबट चवीची ती दाट भाजी असते आणि मोठं पातेलं भरून केली तरी पुरत नाही. ज्यांना शेत नाही त्यांना शेतवाले बोलावतात. रस्त्यानं कुणी अनोळखी चाललेला दिसला तरी हाक मारून बसवून घेतात, आणि तो 'नको, नको' म्हणत भरपेट जेवून जातो.

आणि आंबील. ज्वारीचं पीठ ताकात शिजवून, लसूण-जिरं लावून केलेली, पातळ, आंबटसर. ती मातीच्या मडक्यातच चांगली लागते. आमच्या घरचा एक नेम आहे: आंबिलीचं मडकं घरातून उचललं की कोपीपाशीच टेकवायचं, वाटेत जमिनीला लावायचं नाही. असं का, ते कुणालाच माहीत नाही. मी एकदा बाबांना विचारलं होतं. बाबा शाळामास्तर, पण त्यांनीही "तसंच असतं" एवढंच उत्तर दिलं. पूर्वी मडकं बायकांच्या डोक्यावरून जायचं, मग बैलगाडीत मांडीवरून जायला लागलं. माझ्या आठवणीत मात्र ते कायम सुमनआत्याच्या गाडीवरून गेलं. आत्या चालवायची, माझी आई मागं मडकं कवटाळून बसायची. आईचे गुडघे गेले तेव्हा तिची जागा मला मिळाली. घरात दुसरा कुठलाही मान मिळाल्याचं मला आठवत नाही, पण हा मिळाला.

सुमनआत्या ही बाबांची धाकटी बहीण. बिलोली आणि उमरीकडच्या खेड्यांतून तिनं नर्सची नोकरी केली. लसींचा डबा पायाशी, पिशवी हँडलला, डोक्याला रुमाल, असं तिचं रूप. आधी लुना होती, मग स्कूटर आली, पण रुमाल तोच राहिला. तिचं लग्न झालं होतं; ते टिकलं नाही. आमच्याकडं त्यावर कुणी बोलत नसे आणि तीही बोलत नसे. पण एकदा बोलता बोलता ती म्हणाली होती, "त्या घरी पायी गेले, पायी परत आले. मग ठरवलं, आता कुठं बी जायचं तर आपल्या गाडीवर." माझ्या लेखी आत्याचं सगळं चरित्र एवढ्यात आलं. निवृत्त झाल्यावर ती नांदेडला माझ्या घराजवळच राहायला आली, आणि संध्याकाळी माझ्या फाटकापाशी तिचा हॉर्न वाजला नाही तर मला चहा गोड लागेना.

तिच्या कानातल्या नसेचा आजार सुरू झाला तो पावसाळ्यात. मान पटकन वळवली की तिला सगळं जग फिरायला लागायचं. एकदा बाजारात गाडी हळू करता करता ती स्कूटरसकट आडवी झाली आणि तिचं मनगट मोडलं. गोळ्यांनी चक्कर बरीच आटोक्यात आली, तरी डॉक्टर म्हणाले, दुचाकी बंद. मी सोबत होते. आत्यानं शहाण्या मुलीसारखी मान हलवली. बाहेर येऊन जिना उतरताना म्हणाली, "दुचाकी बंद म्हणाले. तीनचाकीचं कुठं काय म्हणाले?"

आधी आम्ही ती स्कूटर बघितली, जिला मागं दोन्ही बाजूंना छोटी चाकं लावतात. उभी राहायला फार गुणी. स्टँड लागत नाही, पाय टेकवावा लागत नाही. आत्यानं ती आमच्या कॉलनीतून एक चक्कर फिरवून आणली आणि तोंड वाकडं करून उतरली. "मने, ही वळतच न्हाई गं. मी वळवून राहिले अन् ही मला भायेर फेकून राहिली." तिचं खरं होतं. मीही मागं बसून बघितलं. एरवी स्कूटर वळताना स्वतः वाकते, आपण तिच्याबरोबर वाकतो आणि वळण कसं पार पडलं ते कळतही नाही. ही ताठच राहायची, आणि वळणाचा सगळा धक्का बसणाऱ्याच्या अंगावर यायचा.

मग हैदराबादहून माझ्या धाकट्या भावाचा, सचिनचा फोन आला. तिथं एका हौशी माणसानं बाहेरच्या देशातली स्कूटर आणली होती आणि आता तो ती विकत होता. पुढं दोन चाकं शेजारी शेजारी, मागं एक. आणि तीन चाकं असूनही ती वळणावर मोटारसायकलीसारखी वाकते. सचिननं व्हिडिओ पाठवला. आत्यानं तो चष्मा लावून बघितला, मग चष्मा काढून बघितला. पुढची दोन्ही चाकं एकाच वेळी, एकाच कोनात कलंडत होती, आणि एखादी बाई दोन्ही पोरांची बोटं धरून गर्दीतून तिरकी वाट काढते तशी ती गाडी वळत होती. आत्या एवढंच म्हणाली, "आण म्हणावं."

कागदपत्रांचं जे काही करायचं ते सचिननं केलं आणि दिवाळी झाल्यावर गाडी नांदेडात आली. तो हिवाळा मी विसरणार नाही. गाडी टेंपोतून उतरली तेव्हा सगळी गल्ली गोळा झाली. कुणी म्हणालं, रिक्षाची पुढची बाजू मागं लावली का काय. समोरचे देशमुख काका गाडीभोवती फिरून म्हणाले, "सिस्टर, आता पडायचं नावच न्हाई. तीन चाकं म्हणल्यावर काय भेव!" असं म्हणून त्यांनी कौतुकानं सीटवर एक थाप मारली. टेंपोवाल्यानं सैल धरलेली गाडी शांतपणे पलीकडं कलली आणि टेंपोच्या फळीला टेकली. काका दोन पावलं मागं सरले.

तीन चाकं म्हणजे पडत नाही, ही आमच्याकडच्या सगळ्यांची पक्की समजूत. कारण आम्ही तीन चाकं बघितली ती रिक्षाची. पण जी गाडी वाकू शकते, ती थांबल्यावरही वाकणारच. चालताना ती आपली आपण सावरते. थांबली की पाय टेकवून धरावी लागते, नाहीतर स्टँडवर लावावी लागते, अगदी साध्या स्कूटरसारखी. तशी त्या गाडीला एक कळ होती. ती दाबली की पुढचं सगळं घट्ट व्हायचं आणि गाडी उभीच्या उभी राहायची. पण आमच्या गाडीची ती कळच चालत नव्हती. हौशी माणसाची हौस एकाएकी का फिटली, ते तेव्हा कळलं. नांदेडच्या मिस्त्रीनं गुडघ्यावर बसून खालून बराच वेळ बघितलं आणि उठून म्हणाला, "बाई, ये कायकू लाए? इसका सामान किधर मिलता? मैं तो पहली बार देखरा."

बाबा अहमदपूरहून खास गाडी बघायला आले. बाबांचा स्वभाव मागं छोटी चाकं लावलेल्या त्या स्कूटरसारखा. उभे राहतील तिथं भक्कम, पण वळताना समोरच्याला बाहेर फेकणार. त्यांनी सगळं ऐकून घेतलं, कळ चालत नाही हेही ऐकलं, आणि म्हणाले, "सुमे, माझ्या मनाला न्हाई पटत. पण तू ऐकणार न्हाईस. एक कर. एकदा जरी ही गाडी घेऊन पडलीस, तर किल्ली माझ्या हातात द्यायची. मग वाद न्हाई."

"दिली," आत्या म्हणाली.

"शब्द दे."

"दिला म्हणून राहिले न मी!"

बाबांना बहिणीची काळजी होती. आत्याला बाकी कसलीच नव्हती, फक्त ही एक किल्ली जाऊ नये एवढीच होती. हे दोघांनाही एकमेकांचं नीट माहीत होतं, म्हणून त्या दिवशी दोघंही न भांडता जेवले.

त्यानंतरचे ते थंडीचे दिवस. ज्वारी पोटरीत आलेली, सकाळी रस्त्यावर धुकं, आणि आत्या म्हणायची, "चल, जरा चक्कर मारून येऊ." तिची चक्कर म्हणजे साधीसुधी नसे. एका रविवारी आम्ही बिलोलीला गेलो. तिकडच्या एका गावात तिची जुनी ओळखीची म्हातारी, लक्ष्मम्मा, आजारी होती. बिलोलीच्या रस्त्यावर रेतीचे टिप्पर सारखे चालतात आणि वळणावळणावर रेती सांडलेली असते. दुचाकीवाल्यांचा जीव तिथं मुठीत असतो. साध्या स्कूटरचं पुढचं चाक रेतीवर गेलं की हँडल हातात राहतं आणि माणूस शेतात. मी डोळे मिटून घेतले. गाडी रेतीवर गेली, किंचित सरकल्यासारखी झाली, आणि दुसऱ्या चाकानं धरून ठेवली. वाकून, वळून, परत सरळ झाली. आत्या ओरडली, "बघितलंस का?" मी कुठलं बघते! पण तिच्या आवाजात एवढा आनंद होता की मी "हाव" म्हणाले.

लक्ष्मम्मा खाटेवरून उठून बाहेर आली. तेलुगू-मराठी मिसळून बोलणारी बाई. गाडीकडं बघत तिनं आत्याचा हात धरला. "अम्मा, तू अजून गाडीवर येतीस? मला वाटलं, तू बी बसली असशील आता घरात." आत्यानं तिची नाडी बघितली, गोळ्यांची पाकिटं उलटीपालटी करून वाचली, सुनेला दोन गोष्टी समजावून सांगितल्या. निवृत्त झाल्यावर हे काही तिचं काम नव्हतं. पण गाडी होती म्हणून ते तिचं काम राहिलं होतं. हे मला त्या ओसरीवर बसून कळलं, आणि गाडीबद्दलचे माझे बरेचसे टोमणे मी तिथंच गिळले.

सगळे मात्र गिळले नाहीत. गाडीचे अवगुण काही कमी नव्हते. आपल्याकडचे रस्ते कसे, ते सांगायला नको. एका चाकाचा खड्डा साध्या स्कूटरला सुद्धा चुकवता येतो, कारण दोन्ही चाकं एकाच रेघेत जातात. हिच्या तीन रेघा. मधला खड्डा मागचं चाक शोधायचं, डावीकडचा डावं, उजवीकडचा उजवं. एकूण एकही खड्डा बिचारा उपाशी राहायचा नाही. वजन असं की बंद पडली तर दोन माणसं ढकलायला लागायची. माझ्या फाटकातून ती तिरकी करूनच आत यायची. पुढच्या चाकाचं टायर नांदेडातच काय, लातुरातही मिळत नव्हतं. आणि जिथं थांबेल तिथं गर्दी. चहाचा कप हातात येईपर्यंत आत्याला गाडीवर एक व्याख्यान द्यावं लागायचं.

एकदा उमरीला जाताना रेल्वे फाटक लागलं होतं. गाडी थांबली, आत्यानं दोन्ही पाय टेकवले. शेजारी मोटारसायकलवर एक गृहस्थ होते. त्यांनी चाकं बघितली, पाय बघितले, आणि न राहवून म्हणाले, "ताई, तीन चाकं हायत की. पाय कामून टेकवता? रिक्षावाला टेकवतो का?"

"रिक्षा वाकती का?" आत्यानं विचारलं.

गृहस्थ रेल्वे निघून जाईपर्यंत विचार करत राहिले. मीही करत होते. जे वाकतं त्याला थांबताना आधार लागतो, आणि ज्याला कधी आधार लागत नाही ते वळणावर आपल्याला फेकून देतं. माणसांचंही थोडंफार असंच असावं. पण आत्याच्या बाबतीत अडचण अशी होती की ती वाकणारी असूनही आधार घेणारी नव्हती. फाटक उघडताना तिनं मान जरा जास्त वेगानं फिरवली आणि क्षणभर हँडल घट्ट धरून ठेवलं. मागचे हॉर्न वाजवत होते. मी विचारलं, "काय झालं?" "काय न्हाई," ती म्हणाली, "ऊन आलं डोळ्यावर." ऊन आमच्या पाठीमागं होतं.

मग येळवस आली. आदल्या दिवशी आम्ही गाडीवरच अहमदपूरला गेलो. घरात भज्जीच्या शेंगा सोलायला सगळ्यांना बसवलं होतं. बाबाही चष्मा नाकावर घेऊन सोलत होते. सकाळी आई आणि बाकीची मंडळी टेंपोनं पुढं गेली. मडकं आम्हा दोघींसाठी ठेवलेलं. आईनं जाताना चार वेळा बजावलं, "टेकवू नका बरं का गं कुठं." आत्यानं रुमाल बांधला, मी मागं बसले, शेजारच्या काकूंनी मडकं माझ्या मांडीवर दिलं. तोंडाला फडकं बांधलेलं, आत आंबील काठोकाठ. मी दोन्ही हातांनी त्याला कवटाळलं. थंडीत त्या मडक्याची ऊब पोटाला लागत होती.

त्या गाडीचं सगळ्यात मोठं कौतुक मला त्या वाटेवर कळलं. गावाबाहेरच्या ओढ्यापाशी रस्ता एकदम वळतो. जीपमध्ये मडकं धरून बसणाऱ्यांची आंबील तिथं हमखास हिंदकळून एका बाजूनं बाहेर येते. इथं गाडी वाकली, मी वाकले, मडकं वाकलं, आणि आतली आंबील जागची हलली नाही. फडक्याला एक थेंब लागला नाही. कॉलेजात मी मराठी शिकवते, विज्ञान नव्हे; पण त्या वळणावर मला काहीतरी समजलं आणि फार आनंद झाला. मी आत्याला सांगितलं. ती म्हणाली, "मग! उगं आणली का?" दोन्ही बाजूंना तुरी उभ्या होत्या, हरभऱ्याचा आंबूस वास येत होता, आणि पुढून आत्याचं गुणगुणणं ऐकू येत होतं. ती इतकी खूश मी कितीतरी दिवसांत बघितली नव्हती.

शेतात शिरताना बांधाकडेनं गाडीवाट आहे. कोपी दिसली, माणसं दिसली. "आली, आंबील आली!" म्हणून पोरंबाळं ओरडली. आत्यानं गाडी हळू केली, थांबवली. तेवढ्यात डावीकडच्या तुरीतून चुलतबहिणीनं हाक मारली, "आत्या, लई उशीर केलास!" आणि आत्यानं तिला उत्तर द्यायला मान गर्रकन वळवली.

मला ते तिच्या पाठीवरून कळलं. ताठ असलेली पाठ एकाएकी सैल पडली. तिचे पाय टेकलेच नाहीत. गाडी डावीकडं कलायला लागली. थांबलेली गाडी पडताना मुळीच घाई करत नाही, म्हणूनच फार भीती वाटते. माझे दोन्ही हात मडक्याला. मडकं सोडता येईना, आत्याला धरता येईना. मी डावा पाय खाली रोवला. कालच पाणी दिलेली काळी माती. पाय घोट्यापर्यंत आत गेला आणि मग घट्ट बसला. गाडीचा, आत्याचा, आंबिलीचा असा सगळा भार त्या एका पायावर आला आणि तिथंच थांबला. थोडी आंबील उसळून आत्याच्या पाठीवर सांडली.

"मने," आत्या हळूच म्हणाली. तिचे डोळे मिटलेले असावेत. "धरलंस का?"

"हाव."

"सोडू नको."

"न्हाई सोडत."

लोकांना वाटलं, आम्ही मडकं कुणीतरी घ्यावं म्हणून थांबलोय. नेमच तसा. बाबा पुढं आले. त्यांनी मडक्याला हात घातला आणि खाली बघितलं. माझा पाय मातीत रुतलेला, पोटरी थरथरत होती. मग त्यांनी बहिणीकडं बघितलं. मडकं उचललं, कोपीपाशी नेलं आणि टेकवलं. मी मोकळ्या झालेल्या हातांनी सीट धरली. आत्या सावकाश उतरली, गाडीला हात लावून उभी राहिली, आणि मग सगळ्यांशी हसून बोलायला लागली.

पूजा झाली. पंगत बसली. भज्जी नेहमीसारखीच कमी पडली. एक वाटसरू कुठूनसा येऊन जेवून गेला. बाबा रीतीप्रमाणे रानातल्या पिकांवर आंबील शिंपडायला निघाले, ज्वारीच्या कडेकडेनं, मीही मागं होते. आत्या आमच्यापर्यंत चालत आली. तिच्या हातात किल्ली होती.

"दादा, घे."

बाबांनी हातातला तांब्या खाली केला. "कामून? पडलीस कुठं तू?"

"पडले असते. मनीनं धरलं."

"मला न्हाई काही दिसलं," बाबा म्हणाले. "मी मडक्याकडं बघून राहिलो होतो."

आमचे बाबा जन्मभर मास्तर. पोरांनी खोटं बोललेलं त्यांना खपत नसे.

आत्या म्हणाली, "दादा, तुला खोटं बोलता येत न्हाई. लहानपणी बी येत नव्हतं."

बाबांनी तांब्यातली थोडी आंबील ज्वारीवर शिंपडली. मग म्हणाले, "मागं कुणीतरी बसवून चालव मग. पाय टेकवायला. मी काही म्हणणार न्हाई."

"मागं कुणी लागू नये म्हणून तर गाडी शिकले मी."

बाबांचे डोळे भरून आले. त्यांनी ते पुसलेही नाहीत. किल्ली घ्यायला हातही पुढं केला नाही. बाबांची बहीण त्यांच्यासमोर शब्द पाळायला उभी होती आणि त्यांना तो पाळून घ्यायचा नव्हता. मला दोघांचीही इतकी माया आली की मी तिथंच रडायला लागले. आत्या माझ्याकडं वळली आणि म्हणाली, "रडतीस कामून? हात पुढं कर." तिनं किल्ली माझ्या हातात ठेवली. "तू शीक. लई वर्षं फुकट फिरलीस माझ्या मागं बसून."

"मी? मला सायकल सुद्धा धड येत नाही, आत्या."

"म्हणून तर तीन चाकं हायत. मी मागं बसून बघते कसं वाटतं."

गाडी त्या संध्याकाळी टेंपोत घालून अहमदपूरला परत नेली. सगळे म्हणाले, सिस्टर, पुढं ड्रायव्हरजवळ बसा. ती बसली नाही. गाडी हलू नये म्हणून मागं हौद्यात उभी राहून तिनं घरापर्यंत हँडल धरून ठेवलं. मी तिच्या शेजारी होते.

मी त्याच हिवाळ्यात शिकले. कॉलेजच्या मैदानावर, सुट्टीच्या दिवशी सकाळी. आत्या मैदानाच्या कडेला खुर्ची टाकून बसायची आणि तिथून ओरडायची. शिकवताना ती फार वाईट आहे, हे इथं नोंदवून ठेवते. पोरांना सुया टोचताना सुद्धा ती एवढी रागावली नसेल. मी गाडी वळवायची तर ताठ वळवायची, आणि ती म्हणायची, "वाक की गं, कंबर मोडली का तुझी?"

मग एक दिवस ती उठली, रुमाल बांधला आणि माझ्या मागं येऊन बसली. आम्ही मैदानातून रस्त्यावर आलो. लहानपणापासून मी तिच्या कमरेला मिठी मारून मागं बसत आले. तिनं कुणाला धरून बसलेलं मी कधीच बघितलं नव्हतं. त्या दिवशीही ती सीटमागची दांडी धरून ताठ बसली होती. तिला काय वाटत असेल ते मला कळत होतं आणि मागं वळून बघायची माझी हिंमत नव्हती. नदीकडं जाणारा उतार आला, पुढं वळण होतं, आणि त्या वळणाच्या आधी माझ्या दोन्ही खांद्यांवर दोन हात आले. हलकेच आले आणि तिथंच राहिले. माझ्या डोळ्यांत पाणी आलं. गाडी चालवताना डोळ्यांत पाणी येणं फार गैरसोयीचं असतं. रस्ता दिसेना, म्हणून मी वेग कमी केला.

"कामून हळू केलीस?" तिनं विचारलं.

"काही नाही."

"मग चल की. मी धरलंय तुला."